सूर्यास्ताआधीचं पोटभर सँडविच



मागच्या महिन्यात स्थानकातून परत येताना एका ओळखीच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्या घरी म्हणे चीज आणि घेवड्याचं सँडविच करतात? आणि तेही तुम्ही स्वतः?" विचारण्याचा सूर असा होता की जणू मी कांदा चिरताना सापडले. रस्त्यात काय उत्तर देणार? "हो, करते," एवढंच म्हणाले. पण का करते आणि कसं करते, हे नीट सांगायला हवं असं तेव्हापासून मनात आहे. ते आज लिहिते.

माझी लेक दौंडला दिलेली. तिची मुलगी पुण्याला कॉलेजात जाते. दौंड ते पुणे पाऊणशे किलोमीटर, रोज गाडीने येणं-जाणं. गेल्या पर्युषणात तिने चौविहाराचं पच्चक्खाण घेतलं, ते कुणी सांगून नाही, स्वतःच्या मनाने. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. आम्हा सगळ्यांना फार कौतुक वाटलं. मी तर शिरूरहून न्हावरा, चौफुला करत खास दौंडला गेले आणि तिच्या हातावर पाकीट ठेवलं.

पर्युषणाच्या दिवसांत सूर्य मावळतो पावणेसातच्या आसपास. दिवाळी झाली, चातुर्मास संपला, आणि सूर्यास्त सहावर आला. कॉलेज सुटतं पाचला. संध्याकाळच्या गाडीत बसली की हडपसर, लोणी, उरुळी जाईपर्यंत बाहेर अंधार. घरी ताट वाढलेलं असतं, पण ते तिच्या उपयोगाचं नाही. म्हणून डब्यात संध्याकाळसाठी काही तरी द्यायचं ठरलं. लेकीने मला फोन करून विचारलं, काय देऊ? मी सांगितलं, "दोन खाकरे दे, नाही तर काकडी-टोमॅटोचं सँडविच दे. चौविहार म्हणजे थोडं सहन करायचंच असतं."

संक्रांतीला ती शिरूरला आली. तिळगुळ झाला, आणि रात्री माझ्याशेजारी झोपताना म्हणाली, "नानी, तुम्हाला एक सांगायचंय, पण मम्मीला सांगू नका." मग रडत रडत सांगितलं, की नोव्हेंबरपासून ती आठवड्यातून दोन-तीनदा गाडीत भेळ, वडापाव खात होती. अंधारात. घरी येऊन "माझं चौविहार आहे" म्हणून पाणीसुद्धा घेत नव्हती. भूक सहन होत नव्हती, डोकं दुखायचं, आणि खरं बोलायची लाज वाटायची. आम्ही सगळ्यांनी एवढं कौतुक करून ठेवलेलं!

मैत्रिणींनो, मला त्या रात्री झोप लागली नाही. तिचा राग आला नाही, माझाच आला. मी तिला व्रत टिकवायला काय दिलं होतं? दोन खाकरे आणि एक उपदेश.

जरा हिशेब मांडून बघा. जानेवारीत आपल्याकडे सूर्यास्त सव्वासहाच्या आसपास. सकाळी सूर्य उगवतो सातनंतर, त्यावर नवकारसीची ४८ मिनिटं. म्हणजे जवळपास पावणेचौदा तास पोटात काही नाही, पाणीही नाही. काकडी-टोमॅटोच्या सँडविचमध्ये प्रथिनं असतात ती फक्त ब्रेडची, दोन स्लाइसची मिळून चार-पाच ग्रॅम. काकडी तर जवळजवळ सगळं पाणीच. आता त्यात ३० ग्रॅम कोरडा घेवडा शिजवून घातला तर साडेसहा ग्रॅम वाढतात. २५ ग्रॅमचा एक चीजचा क्यूब म्हणजे आणखी पाच. सोळाच्या पुढे आकडा जातो. शिवाय कडधान्य हळू पचतं आणि चीजमधली चरबी पोटात टिकते. तेवढाच डबा, तेवढाच ब्रेड, पण मुलगी तिप्पट आधार घेऊन गाडीत बसते.

माझं म्हणणं एवढंच आहे: मुलांनी रात्रिभोजन सोडावं असं आपल्याला वाटत असेल, तर सूर्यास्ताआधी त्यांचं पोट खरोखर भरेल असं काही तरी त्यांच्या हातात देणं हे आपलं काम आहे. नियम त्यांनी पाळायचा आणि आपण नुसतं कौतुक करायचं, असं चालणार नाही.

आता "चीज, ब्रेड हे आपलं अन्न आहे का?" हा प्रश्न. प्रश्न योग्य आहे. एकेक करून बघू.

पहिलं चीज. दूध फाडून चीज करायला रेनेट लागतं. जुन्या पद्धतीत ते दूध पिणाऱ्या वासराच्या जठरातून काढत, आणि परदेशात कितीतरी चीज आजही तसंच होतं. ते आपल्याला शिवायचंही नाही. पण आता बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतलेलं रेनेटही मिळतं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात प्राणिज रेनेट नसतं. आपल्या शेजारच्याच तालुक्यांत चीजचे मोठे कारखाने आहेत, आंबेगावात मंचरजवळ आणि तिकडे बारामतीत. लांबची, परकी वस्तू म्हणून तिच्याकडे बघायचे दिवस गेले. ठिपका बघा, घटक वाचा. आणि कुणी नातेवाईक परदेशातून हौसेने चीज आणलं, तर न वाचता डब्यात घालू नका.

दुसरं द्विदल, आणि इथेच खरी मेख आहे. पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षेला आपल्यातल्या कितीजणी बसल्या असतील! बावीस अभक्ष्य तेव्हा घडाघडा म्हणायचो. ज्या धान्याची दोन दळं होतात आणि ज्यातून तेल निघत नाही, ते द्विदल. मूग, हरभरा, तूर, उडीद, वाटाणा, चवळी, घेवडा, सगळी त्यात आली. शेंगदाण्यातून तेल निघतं, म्हणून तो नाही. द्विदलाबरोबर कच्चं गोरस, म्हणजे न तापवलेलं दूध, दही, ताक, एकत्र करायचं नाही, कारण त्यात जीवोत्पत्ती मानली आहे. म्हणून तर आपल्या घरी कढी करताना आधी ताक चांगलं गरम करतात आणि मग बेसन लावतात. संप्रदायाप्रमाणे यात मतं थोडी वेगळी आहेत. पण आमच्याकडे सासूबाईंपासून हीच रीत आहे.

मग घेवडा आणि चीज? प्रोसेस्ड चीज म्हणजे तयार चीज पुन्हा तापवून, वितळवून, साच्यात ओतलेलं. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ साली याच पद्धतीचं पेटंट घेतलं, चीज टिकावं म्हणून. म्हणजे ते कारखान्यातच एकदा तापलेलं असतं. तरीही मी कढीचाच नियम लावते. कच्चं चीज घेवड्यावर किसून घालत नाही. आधी पातेल्यात दुधाला उकळी आणते, त्यात चीज बुडबुडे येईपर्यंत वितळवते, आणि मग त्यात गरम घेवडा घालते. नियमही सांभाळला जातो, आणि खरं सांगू, सारण जास्त चांगलं होतं. चीज एका जागी गोळा होऊन राहत नाही, प्रत्येक घासात येतं.

आता हे बघा. पुण्यातल्या एका मॉलमध्ये आम्हाला "जैन" म्हणून एक पदार्थ दिला. पोळीसारख्या आवरणात घोटलेला राजमा आणि वर पांढरं गार आंबट क्रीम. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. वाढणारा मुलगा अभिमानाने म्हणाला, "प्युअर जैन आहे, आंटी." अहो, राजम्यावर न तापवलेलं आंबट क्रीम म्हणजे सरळसरळ द्विदल! तसंच "जैन ग्रिल सँडविच"चं. कांदा काढला, पण दोन्ही बाजूंनी बटर थापलेलं. लोणी बावीस अभक्ष्यांत येतं, हे किती जणांच्या लक्षात असतं? आणि चटणी कधीची, कुणास ठाऊक. त्या दुकानदाराचा दोष नाही, त्याला आपणच "कांदा-लसूण नको" एवढंच सांगत आलो. जैन म्हणजे काय काय काढायचं याची यादी, अशी समजूत आपणच करून दिली. केव्हा खायचं, कशाबरोबर खायचं, किती वेळ झालेलं खायचं, हा अर्धा भाग आपण सांगितलाच नाही. म्हणून सँडविच घरी करा. तुपावर भाजा. दही, मेयोनीज, गार डिप काही देऊ नका.

तिसरा ब्रेड. इथे मी पळवाट काढणार नाही. कालचा ओलसर पदार्थ म्हणजे बासी, आणि बाजारचा ब्रेड कालचाच असतो. शिवाय त्यात यीस्ट. चीजही महिनोन्‌महिन्यांचं असतं आणि काळमर्यादेचा नियम काटेकोर धरला तर तेही बसत नाही. महासतीजींना विचारलं तर त्या हो म्हणणार नाहीत, आणि त्यांनी म्हणूही नये. त्यांच्या तोंडून सवलत मिळवायला मी जात नाही. जे निर्दोष नाही ते निर्दोष आहे असं म्हणायचं नाही, एवढं तरी मी पाळते.

म्हणून आमच्या घरी दोन प्रकार आहेत. चातुर्मासात, पर्वतिथीला आणि ज्यांना नियम आहे त्यांच्यासाठी ब्रेडऐवजी ताजी जाडसर गव्हाची पोळी, आणि चीजऐवजी त्याच दिवशी लिंबू पिळून केलेलं पनीर. उकळत्या दुधाचं असल्यामुळे द्विदलाचाही प्रश्न राहत नाही. एरवी, कार्तिकी पौर्णिमेनंतर, नातीच्या डब्याला ब्रेड आणि चीज. ती म्हणते, मैत्रिणींमध्ये बसून पोळीची गुंडाळी खाते तेव्हा सगळ्या विचारतात, सँडविच खाते तेव्हा कुणी विचारत नाही. तुम्हाला हे कारण लहान वाटेल. एकोणीस वर्षांच्या मुलीला ते लहान नसतं.

ज्या बाईंनी मला हटकलं त्यांचं म्हणणं असं, की एक दोष टाळायला दुसरा दोष घ्यायचा, मग याला अंत कुठे? मला वाटतं, घर चालवणारी प्रत्येक बाई हा निवाडा रोज करतच असते. रात्रिभोजनही त्याच बावीसच्या यादीत आहे आणि ब्रेडही त्यातच मोडतो. पण मुलगी आज ब्रेड खाऊन रात्रीचं खाणं सोडते आहे, आणि उद्या ब्रेडही सोडेल अशी आशा आहे. उलट ब्रेड नको म्हणून तिला अर्धपोटी ठेवलं, तर ती रात्री वडापाव खाणार, तोही ब्रेडच, आत बटाटा, चटणीत लसूण, आणि वर खोटं बोलणार. खोटं बोलणं हे तर अणुव्रतावरच येतं.

दुसरा आक्षेप ऊनोदरीचा. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं हे तप आहे, मग "पोटभर"चं एवढं कौतुक कशाला? मान्य. पण ऊनोदरी म्हणजे समोर भरलेलं ताट असताना आपण होऊन हात आखडणं. ज्याच्या डब्यात मुळातच अर्धं आहे, त्याची ती ऊनोदरी नाही, उपासमार आहे. आणि दुसऱ्याला ऊनोदरी करायला लावणं हे तर कुठल्याच तपात बसत नाही. मी नातीला तेच करायला लावलं होतं, तेही माझ्या गरम जेवणाच्या ताटावर बसून.

आता कृती सांगते. चार सँडविचला १२० ग्रॅम घेवडा घ्या. साताऱ्याकडचा कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर उत्तम, अंगावर लाल रेघा असलेला. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. नाही तर साधा राजमा, पावटा, चवळी, काहीही चालेल. सकाळी उठल्याबरोबर घेवड्याला दोन मिनिटं उकळी आणा आणि तासभर झाकून ठेवा. आदल्या दिवशी भिजवायची गरज पडत नाही आणि मोड यायचा प्रश्नच नाही. मोड आला की अनंतकाय. ते पाणी टाका, नवीन पाणी घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या आणि मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. दाणा बोटांनी सहज चेपला गेला पाहिजे. राजमा-घेवडा अर्धा कच्चा राहिला तर त्यातल्या एका द्रव्याने उलट्या-जुलाब होतात, नीट उकळल्यावरच ते निष्प्रभ होतं. तेव्हा इथे घाई करू नका. रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवून सकाळी वापरायचा नाही, तो बासी.

कढईत चमचाभर तूप, जिरे, हिंग. त्यात धणे पूड, सुंठ, थोडी मिरपूड, आमचूर. सिमला मिरची बारीक चिरून घालू शकता. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद असेल तर तीही नको, नुसता घेवडा चालतो. टोमॅटो डब्याच्या सँडविचला नकोच, पाणी सुटतं. घेवडा घालून डावाने अर्धवट घोटा. मीठ अगदी चिमूटभर. चीजमध्ये भरपूर मीठ असतं, आणि चौविहारवाल्याला रात्री तहान लागली तर पाणीही पिता येत नाही, हे विसरू नका. तिखटाचंही तेच.

दुसरीकडे पाव वाटी दूध उकळा, आच मंद करा, चार क्यूब चीज किसून घाला आणि ढवळत राहा. बुडबुडे आले की घेवडा त्यात ओता. सारण घट्ट होईपर्यंत परता आणि गार होऊ द्या. मग ब्रेडवर जाड थर पसरा, बाहेरून तूप लावून गॅसवरच्या टोस्टरमध्ये दोन्ही बाजूंनी खमंग लाल करा. डब्यात भरण्याआधी जाळीवर पूर्ण निवू द्या, नाही तर वाफेने ओलं होतं. आधी कागदात, मग डब्यात. मुलगी दुपारच्या वर्गाला जाणारी असेल तर साडेदहाला केलेलं पाचपर्यंत छान राहतं. उन्हाळ्यात मात्र एवढा वेळ ठेवू नका. पण उन्हाळ्यात गरजही पडत नाही, जूनअखेर तर सूर्य सव्वासातपर्यंत असतो. अडचणीचे महिने थंडीचेच, आणि थंडीत डबा टिकतो.

आता ती पाचला कॉलेजच्या कट्ट्यावर बसून दोन सँडविच खाते, बाटलीभर पाणी पिते, आणि गाडीत बसताना पच्चक्खाण घेते. पहिल्या आठवड्यात तिने मला रोज मेसेज केला, "नानी, आज झालं." एक दिवस केला, "आज नाही झालं, वर्ग लांबला, घरी येऊन जेवले." तो मेसेज वाचून मला सगळ्यात जास्त समाधान वाटलं. लपवलं नाही ना! दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन गेली.

लेकीला मी त्या रात्रीचं अजून सांगितलेलं नाही. नातच एक दिवस सांगेल. डबा मात्र आता कोणता द्यायचा, हे लेक मला विचारत नाही. दौंडच्या ओट्यावर सकाळी घेवड्याचा कुकर लागतो, जावईबापूंनाही ते सँडविच आवडायला लागलंय, आणि तेसुद्धा हिवाळ्यात आठवड्यातून चार दिवस सूर्यास्ताआधी आटोपतात.

तुमच्या घरात कुणी मूल असं व्रत घेत असेल, तर कौतुकाच्या आधी एकदा घड्याळ बघा, त्याचा रस्ता बघा आणि डबा उघडून बघा. त्यात एवढं आहे का, की ते मूल पावणेचौदा तास प्रामाणिक राहू शकेल?

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.